नवं बँक खातं उघडताय? सोयाबीनचे पैसे, लाईट बिल आणि कॅशबॅक यांचा पूर्ण हिशोब

दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडचं सोयाबीन मोंढ्यात जातं. आडतीवरून हिशोबपट्टी हातात येते, पैसे खात्यावर जमा होतात. त्यातले थोडे लग्नसराईत जातात, थोडे मुलांच्या फीला. पण बी-बियाणं, खत आणि पेरणीसाठी राखलेली मोठी रक्कम मिरगापर्यंत, म्हणजे सहा-सात महिने, खात्यात नुसती पडून असते. ती कुठं आणि कशी पडून राहते, यावर वर्षाकाठी तीन-चार हजार रुपयांचा फरक पडतो. फवारणीच्या एका हप्त्याचे पैसे त्यात निघतात.

मी परभणी जिल्ह्यात शिक्षक आहे, शेती मोठे भाऊ बघतात. घरातली सगळी बँकेची कामं माझ्याकडे, आणि आता गल्लीतलीही बरीच येतात. "सर, सात टक्के व्याज देतेत म्हणं, लाईट बिलावर पैसे वापस येतेत म्हणं, उघडू का खातं?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. उघडा, जरूर उघडा. पण कमाई कुठून होते आणि कुठं हात पोळतो, ते आधी नीट समजून घ्या. मी स्वतः एक मोठी चूक केलेली आहे, तीही खाली सांगतो.

आधी पासबुक भरून आणा

कुठलंही ॲप उतरवण्याआधी जुन्या खात्याचं पासबुक भरून घ्या आणि मागच्या बारा महिन्यांच्या नोंदी पेन्सिल घेऊन बघा. दोनच गोष्टी शोधायच्या. प्रत्येक महिन्यात शिल्लक सगळ्यात कमी किती झाली होती? आणि घरातून दर महिन्याला ठरलेली बिलं किती जातात?

कमीत कमी शिल्लक शोधायची, कारण तेवढी रक्कम तुम्ही वर्षभर हातच लावलेली नसते. आमच्या भावाच्या पासबुकात नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत शिल्लक दोन लाखांच्या खाली गेलेलीच नव्हती. ते दिवस मी मोजले : १५ नोव्हेंबर ते १० जून, २०७ दिवस. हा आकडा हाती आल्यावर सगळं सोपं झालं.

तुमच्या पासबुकात शिल्लक दर महिन्याला दोन-तीन हजारांवर येत असेल, तर जास्त व्याजाच्या खात्याने फारसा फरक पडणार नाही. पाच हजारांवर २.५ टक्क्यांऐवजी ५ टक्के मिळाले तरी वर्षाला सव्वाशे रुपयेच वाढतात. अशा घराने व्याजाचा नाद सोडून फक्त बिलांचा भाग वाचावा.

व्याज कसं मोजतात

पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज मिळायचं. जुनी माणसं अजूनही म्हणतात, "दहाच्या आत पैसे भर, नाहीतर महिना बुडतो." तो नियम १ एप्रिल २०१० पासून गेला. आता रोज दिवसअखेर खात्यात जी शिल्लक असते, तिच्यावर त्या दिवसाचं व्याज धरतात. ४०,००० रुपये २० दिवस राहिले आणि दर २.५ टक्के असेल, तर ४०,००० गुणिले २.५ भागिले १००, गुणिले २० भागिले ३६५, म्हणजे साधारण ५५ रुपये. ते जमा मात्र तिमाहीला होतात, काही बँकांत दर महिन्याला.

दुसरा बदल ऑक्टोबर २०११ चा. बचत खात्याचा दर किती ठेवायचा याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने त्या वेळी बँकांना दिली. अट अशी की एक लाखापर्यंतच्या शिल्लकेवर बँकेने सगळ्यांना एकच दर द्यायचा, त्याच्या वर वेगवेगळे टप्पे करता येतात. जाहिरातीतला "७ टक्क्यांपर्यंत" इथूनच येतो, आणि त्यात "पर्यंत" हा शब्दच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

उदाहरण घेऊ. समजा एका बँकेत एक लाखापर्यंत ३ टक्के, एक ते पाच लाख ५ टक्के आणि पाच लाखांच्या वर ७ टक्के आहे. तुम्ही तीन लाख ठेवले. पहिल्या लाखाचे ३,००० आणि पुढच्या दोन लाखांचे १०,००० मिळून वर्षाला १३,००० झाले. म्हणजे सरासरी दर ४.३३ टक्के. जाहिरातीतले सात तुम्हाला शिवलेसुद्धा नाहीत. साठ हजार ठेवणाऱ्याला तर फक्त तीनच. म्हणून बँकेच्या संकेतस्थळावरचा दरांचा तक्ता उघडून आपल्या रकमेचा टप्पा बघा, आणि तुमच्या पासबुकातली रक्कम त्यात घालून कागदावर गणित करा.

तुलनेसाठी हे लक्षात ठेवा : जून २०२५ मध्ये स्टेट बँकेने बचत खात्याचा दर २.५ टक्के केला आणि इतर मोठ्या बँकांचे दरही त्याच घरात आले. त्यापेक्षा जास्त दर देतात त्या प्रामुख्याने स्मॉल फायनान्स बँका आणि काही नव्या खासगी बँका. हे दर बदलत राहतात, खातं उघडायच्या दिवशीचा दर बघावा.

कुठली बँक, आणि ती बँक आहे का

आपल्या भागात हा प्रश्न जास्त टोकदार आहे. बीड, संभाजीनगर, जालना, परभणी, कुठल्याही गावात जा, मल्टीस्टेट किंवा पतसंस्थेत पैसे अडकलेलं एक तरी घर सापडतं. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, निवृत्तीची पुंजी, सगळं जास्त टक्क्यापायी गेलं. माझ्या शाळेतल्या एका निवृत्त सहकाऱ्यांच्या हातात अजून फक्त पावत्या आहेत. त्यांचा चेहरा आठवला की मला या मुद्द्यावर आवाज चढवावासा वाटतो.

फरक असा आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या महामंडळाचं विमा संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. त्याआधी एक लाखच होतं. सरकारी, खासगी, ग्रामीण, स्मॉल फायनान्स आणि सहकारी, या सगळ्या बँका त्यात येतात. पतसंस्था आणि मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटी येत नाहीत. पाटीवर कितीही मोठं नाव असो, एसी शाखा असो, एटीएमसारखं कार्ड हातात देवोत, नावात "क्रेडिट सोसायटी" किंवा "पतसंस्था" असेल तर तिथल्या पैशाला हे कवच नाही. डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमाधारक बँकांची यादी आहे, तिच्यात नाव शोधा. नाव सापडलं नाही तर विषय संपला.

परवान्याच्या बँकेतही एका नावावर व्याजासकट पाच लाखांच्या आतच ठेवा. रक्कम जास्त असेल तर दुसरी बँक किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव. लक्षात घ्या, एकाच बँकेच्या दोन शाखांतल्या ठेवी मिळून एकच धरतात. पूर्वी कोणी अर्धे पैसे स्टेट बँकेत आणि अर्धे आपल्या "हैदराबाद बँके"त ठेवत असे. १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली, पण गावाकडे बोलण्यात ती अजून वेगळीच आहे. विम्याच्या हिशोबात मात्र दोन्ही एकच.

शाखा जवळ असावी का? माझं मत : नव्या खात्यासाठी जवळ असेल तर बरं, नसली तरी चालतं, कारण जुनं खातं आपण बंद करणारच नाही. मात्र घरात फोन सराईतपणे वापरणारं कोणी नसेल, तर ज्या बँकेची शाखा तालुक्यात नाही तिच्या वाटेला जाऊ नका. अडचण आली की माणूस समोर लागतो.

किमान शिल्लक आणि चोरपावलांनी जाणारे पैसे

खातं उघडण्याआधी शुल्काचा तक्ता मागा. त्यात बघायचं : महिन्याची सरासरी शिल्लक किती लागते, डेबिट कार्डाचं वर्षाचं शुल्क किती, एसएमएसचे पैसे कापतात का, रोख भरण्यावर काही मर्यादा आहे का.

सरासरी शिल्लक म्हणजे रोज तेवढी हवी असं नाही. महिन्यातल्या प्रत्येक दिवसाची शिल्लक मिळवून दिवसांनी भागतात. सरासरी १०,००० लागत असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात एकच दिवस तीन लाख राहिले तरी अट पुरी होते. पण पेरणीनंतर आपली खाती रिकामी होतात आणि नेमका जून ते ऑक्टोबर दंड बसतो. शेतीवरच्या घराने म्हणून शून्य शिल्लकेचंच खातं घ्यावं. स्टेट बँकेने ही अट मार्च २०२० मध्येच काढली आणि २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी काढली. शून्य शिल्लकेचं मूलभूत बचत खातं तर प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं, पण त्या बँकेत मग तुम्हाला दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

खातं उघडायचा दिवस

फोनवरून, व्हिडिओ केवायसीने (म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवून) खातं उघडणार असाल तर तयारी आदल्या रात्री करा. मूळ पॅन कार्ड, कोरा पांढरा कागद, निळा किंवा काळा पेन, आणि आधारला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये. आधारवर आडनाव आधी आणि पॅनवर शेवटी, असा घोळ आपल्याकडे फार. नावात फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर अर्ज अर्ध्यात अडकतो. सकाळी, खिडकीसमोर तोंड करून बसा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येतो. आमच्या गावात घरात रेंज मिळत नाही, तेव्हा मी गच्चीवर खुर्ची टाकून हे काम केलं. पलीकडचा अधिकारी पॅन कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतो, दोन-चार प्रश्न विचारतो, कागदावर सही करून दाखवायला लावतो. दहा मिनिटांत आटोपतं.

व्हिडिओ न करता नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेलं खातं अपुरं असतं. त्यात शिल्लक एक लाखाच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षाच्या आत पूर्ण केवायसी केलं नाही तर ते बंद होतं. सोयाबीनची पट्टी अशा खात्यावर मागवाल तर पैसे अडकतील.

अर्जातले चौकोन एकेक वाचा. त्यातला एक विम्याचा असतो. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विमा २० रुपये, दोन्ही चांगल्या योजना आहेत, मी स्वतः घेतल्यात. पण त्या एका माणसाला एकाच खात्यातून घेता येतात. जुन्या खात्यातून हप्ता जात असेल आणि नव्यातही खूण केली, तर पैसे दोनदा कापले जातात आणि भरपाई एकदाच मिळते.

वारसाचं नाव त्याच वेळी घाला. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार वारस लावता येतात आणि प्रत्येकाचा वाटा टक्क्यात लिहिता येतो. "नंतर बघू" म्हणून सोडलेलं हे काम नंतर होत नाही. मागे राहिलेल्या बायकोला मग वारस प्रमाणपत्रासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आधारचा चौकोन : माझी चूक

वर म्हटलेली चूक ती हीच. लाडकी बहीण योजनेचे पैसे सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी मी मोठ्या वहिनींना एका खासगी बँकेत नवं खातं काढून दिलं. व्याज जास्त होतं, रिचार्जवर कॅशबॅक होता. अर्ज भरताना "सरकारी अनुदान या खात्यात घेण्यास संमती" अशा अर्थाचा एक चौकोन आला. मला वाटलं, हे आधार जोडण्याचंच काहीतरी असेल. मी खूण केली.

पुढच्या महिन्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझे पंधराशे बंद झाले की हो." त्या दोनदा जुन्या बँकेत जाऊन आल्या होत्या. रांगेत उभं राहून पासबुक भरून आणलं, नोंद नव्हती. अंगणवाडी ताईंकडे गेल्या, तिथं अर्ज मंजूर दिसत होता. मला आधी सांगितलंच नाही, कारण आपलंच काही चुकलं असेल असं त्यांना वाटत होतं. शेवटी मी नव्या खात्याचं ॲप उघडलं, तर पैसे तिथं येऊन पडलेले. चूक माझी होती, आणि हेलपाटे त्यांनी घातले.

यातलं कामकाज असं आहे. तुमचा आधार केवायसीसाठी कितीही खात्यांना जोडलेला असू शकतो. पण थेट लाभाचे (डीबीटीचे) पैसे कुठल्या बँकेत जायचे याची नोंद, म्हणजे सीडिंग, बँकांमधल्या देवाणघेवाणीची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे एका वेळी एकाच बँकेची असते, आणि शेवटी ज्या बँकेने ती नोंद केली तिच्याकडे पैसे वळतात. पीएम किसानचे २,०००, नमो शेतकरीचा हप्ता, लाडकी बहीणचे १,५०० असे आधारवरून येणारे पैसे त्या एका नोंदीवर चालतात.

म्हणून ठरवूनच टाका : सरकारी पैशाचं खातं जुनंच राहील. नव्या खात्याच्या अर्जात केवायसीसाठी आधार द्या, पण लाभ किंवा अनुदानाच्या संमतीच्या चौकोनावर खूण करू नका. शाखेत अर्ज भरत असाल तर तोंडी सांगा, "डीबीटीसाठी सीडिंग नको." खातं सुरू झाल्यावर आठवडाभराने माय आधार संकेतस्थळावर जाऊन "बँक सीडिंग स्टेटस" बघा. तिथं जुन्याच बँकेचं नाव दिसलं पाहिजे. बदललेलं दिसलं तर जुन्या शाखेत आधार सीडिंगचा अर्ज आणि आधारची झेरॉक्स द्या, काही दिवसांत ते परत वळतं.

पडून राहणाऱ्या पैशाला कामाला लावा

आता त्या २०७ दिवसांकडे येऊ. दोन लाख रुपये २.५ टक्क्यांच्या बचत खात्यात राहिले तर सुमारे २,८३५ रुपये व्याज होतं. तेवढेच दिवस ६ टक्क्यांच्या मुदत ठेवीत राहिले तर सुमारे ६,८०५. फरक जवळजवळ चार हजारांचा. म्हणजे नवं खातं नुसतं उघडून भागत नाही, त्याच्या पोटात मुदत ठेव करावी लागते. बचत खात्याचा दर दोन-अडीच टक्के जास्त आहे म्हणून खूष होणारे लोक हे विसरतात.

यासाठी दोन वाटा आहेत. पहिली ऑटो स्वीप, काही बँका तिला फ्लेक्सी म्हणतात. ठरलेल्या मर्यादेच्या वरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जातात आणि खात्यात कमी पडले की तेवढेच परत येतात. सोय मोठी आहे, पण विचारून घ्या : मर्यादा किती, किती हजारांच्या पटीत ठेव होते, आणि मध्येच मोडल्यास व्याज किती मिळतं. मोडलेल्या ठेवीला जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचाच दर लागतो, आणि वर बऱ्याच बँका अर्धा ते एक टक्का दंड लावतात.

दुसरी वाट मला जास्त आवडते, आणि आमच्या घरात तीच चालते. दोन लाखांची एक ठेव न करता पन्नास-पन्नास हजारांच्या चार करायच्या. दोन मे अखेरीस संपणाऱ्या, कारण बियाणं आणि खताची खरेदी तेव्हा. एक फेब्रुवारीत, लग्नकार्य निघालं तर. एक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. अचानक दवाखाना निघाला तर एकच मोडते, बाकीच्या तीन शाबूत राहतात. ठेव करताना "मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण" हा पर्याय काढून "खात्यात जमा" निवडा, नाहीतर पेरणीच्या तोंडावर पैसे परत वर्षभरासाठी बांधले जातील.

पीक कर्ज डोक्यावर असेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा आणि आधी मुदतीत कर्ज भरा. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला वेळेत परतफेड केल्यावर मिळणारी व्याजसवलत कुठल्याही बचत खात्यापेक्षा मोठी आहे.

लाईट बिल : कॅशबॅकच्या आधी हे घ्या

बहुतेक लोक वीस रुपयांच्या स्क्रॅच कार्डामागे धावतात आणि महावितरण स्वतः देते ते पैसे सोडून देतात. आपलं बिल काढून बघा. त्यावर देय तारखेबरोबर आणखी एक आधीची तारीख छापलेली असते, "या तारखेपर्यंत भरल्यास" अशी, आणि तिच्यापुढे थोडी कमी रक्कम. ती तत्पर भरण्याची सूट, कर आणि वीज शुल्क सोडून साधारण एक टक्का. तिसरा आकडा देय तारखेनंतरचा, त्यात १.२५ टक्के विलंब आकार मिळवलेला असतो. म्हणजे उशिरा भरणारा आणि लवकर भरणारा यांच्यात सव्वादोन टक्क्यांचं अंतर पडतं.

ऑनलाइन भरल्यास ०.२५ टक्का आणखी सूट आहे, ती पुढच्या बिलात दिसते. कागदी बिल बंद करून गो-ग्रीनमध्ये नाव नोंदवलं की बिलामागे १० रुपये, वर्षाचे १२०. नोंदणीला बिलावरचा जीजीएन क्रमांक आणि ग्राहक क्रमांक लागतो. १,८०० रुपयांच्या बिलावर हे सगळं मिळून महिन्याला तीसएक रुपये होतात, कुठलंही नवं खातं न उघडता, दर महिन्याला.

नव्या खात्यातून भरायचं तर बँकेच्या ॲपमध्ये बिल भरण्याच्या भागात जा. भारत कनेक्ट, म्हणजे पूर्वीचं भारत बिल पे, तिथंच असतं. महावितरण निवडा, बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि विचारलं तर ४ अंकी बिलिंग युनिट टाका. नाव आपलंच आलं का ते बघा, घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं येईल. तत्पर भरण्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी भरा, पैसे पोहोचायला कधी कधी दिवस जातो. पावतीचा क्रमांक जपून ठेवा.

कॅशबॅकचं गणित

कॅशबॅकची प्रत्येक जाहिरात चार शब्दांवर उभी असते : "पर्यंत", "किमान", "एकदाच" आणि "निवडक". "२० टक्के कॅशबॅक, ५० रुपयांपर्यंत, किमान ५०० रुपयांच्या बिलावर, महिन्यातून एकदाच, निवडक बिलांवर" असं लिहिलंय समजा. १,८०० च्या लाईट बिलाचे २० टक्के ३६० होतात, पण हातात पडतात ५०. घरात मोबाइल रिचार्ज, डिश, गॅस, एलआयसीचा हप्ता असं काहीही पाचशेच्या वरचं असलं तरी तेच ५०. तेव्हा टक्का बघू नका, वरची मर्यादा बघा आणि तिला बाराने गुणा. पन्नास गुणिले बारा, ६००. त्यातून डेबिट कार्डाचे २०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६ गेले, तर उरले ३६४. एवढीच वर्षाची खरी कमाई. वाईट नाही, पण चार हजारांच्या व्याजापुढे ती किती, हे डोळ्यांसमोर राहू द्या.

कॅशबॅक कशात येतो तेही बघा. खात्यात रोख आला तर तो पैसा. कूपन किंवा पॉइंट आले तर ते वापरायला आणखी खर्च करावा लागतो, त्यांची किंमत मी हिशोबात शून्य धरतो. काही ॲप रिचार्जवर एक-दोन रुपये सेवाशुल्क घेतात, ते वजा करा. क्रेडिट कार्डाने बिल भरा आणि कॅशबॅक घ्या, असं कोणी सांगितलं तर मी आपल्या घरांना नकोच म्हणतो. बिल एका महिन्यात थकलं की महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे व्याज लागतं आणि वर्षभराचा कॅशबॅक एका झटक्यात बुडतो.

एकाच ॲपवर ठरवून सगळी बिलं भरा. दहा ॲपवर दहा-दहा रुपये शोधण्यात फोन भरतो आणि पिन दहा ठिकाणी फिरतो. वहीत एक पान करा : तारीख, बिल, किती कॅशबॅक कबूल, कधी जमा. मी दर महिन्याच्या पाच तारखेला त्या पानावर खुणा करतो. जमा झाला नसेल तर ॲपमध्ये तक्रार टाकतो. बँकेने ३० दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

कर

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते बँकेत ठेवून मिळालेलं व्याज करमुक्त नाही. नवी करप्रणाली घेतली तर बचत खात्याच्या व्याजावर वेगळी वजावट नाही. जुन्या प्रणालीत १०,००० रुपयांपर्यंत आहे, ६० वर्षांवरच्यांना ठेवींसह ५०,०००. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस, म्हणजे बँकेनेच आधी कापायचा कर, कापत नाहीत. ठेवींवर एका बँकेत वर्षाला ५०,००० च्या वर व्याज गेल्यास, ज्येष्ठांना एक लाखाच्या वर, कापतात. आपल्यातल्या बहुतेक घरांचा आकडा तिथवर जात नाही, पण विवरणपत्र भरणाऱ्या नोकरदारांनी नव्या खात्याचं व्याज दाखवायला विसरू नये. आयकर खात्याला ते आधीच दिसत असतं.

फसवणूक

"तुमचं मागील महिन्याचं लाईट बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा." हा संदेश मराठवाड्यात घरोघरी आलेला आहे. खाली एक फाइल असते, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती उतरवली की तुमचा फोन दुसऱ्याच्या हातात जातो. महावितरण खासगी मोबाइलवरून असे संदेश पाठवत नाही. शंका आली तर १९१२ ला फोन करा.

दुसरा फास कॅशबॅकचाच. "कॅशबॅक जमा करायला पिन टाका." पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. हे मी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून पाठ करून घेतलंय. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन आणि बँकेला लेखी कळवा. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, आणि चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. मात्र स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

नव्या खात्यातून बिलं जाणार म्हणून त्यात बिलांपुरतेच पाच-सात हजार मोकळे ठेवा, बाकी ठेवीत. त्यामुळे चोराच्या हाताला लागलं तरी थोडंच लागेल.

वर्ष झाल्यावर

पुढच्या दिवाळीत, पट्टी यायच्या आधी, वहीचं ते पान आणि नव्या खात्याचा उतारा शेजारी ठेवा. व्याज किती आलं, कॅशबॅक किती जमा झाला, शुल्क किती कापलं. बेरीज पाचशेच्या खाली असेल तर खातं बंद करा. बऱ्याच बँका वर्षाच्या आत बंद करायला शुल्क घेतात, वर्ष उलटल्यावर घेत नाहीत, म्हणून तारीख बघून जा. बंद करण्याआधी त्यावरचे रिचार्ज आणि हप्त्यांचे ऑटोपे जुन्या खात्याकडे वळवा. नुसतं सोडून देऊ नका, दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि परत चालू करायला पुन्हा केवायसी. बेरीज तीन-चार हजार असेल तर त्याच खात्यात, त्याच दिवशी, पुढच्या चार ठेवी करून टाका. वहिनींचं ते खातं आम्ही ठेवलंय. त्यात आता भाजीपाल्याचे पैसे साठतात आणि लाईट बिल त्यांच्याच फोनवरून जातं. पंधराशे मात्र जुन्या खात्यावर येतात, आणि पासबुक भरायला त्या महिन्यातून एकदा स्वतः जातात.